खुडल्या शेंड्यावरचा लेप

ईरा, नील, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, सुमामावशी कशी होती गं?" आणि पलीकडे तुमची आई एकदम गप्प झाली, म्हणून हे लिहिते आहे. सुमा म्हटलं की मला आधी वांग्याच्या कोवळ्या शेंड्याचा उग्र, हिरवा वास येतो. अंगठ्याच्या नखानं तो खुडताना व्हायचा तो 'टच्' आवाज मागाहून ऐकू येतो.

बोईसरच्या आमच्या क्वार्टरमागं तिची वांगी होती. पालघरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकणारी माझी ही थोरली लेक हिवाळ्याच्या तिरप्या उन्हात वाफ्याशी वाकली, की तिची सावली साऱ्या रोपांवरून हलकेच हात फिरवून जाई.

मनोरकडून कामाला येणारी जनी तिला दटावी, "चांगलं वाढतंय रोप, शेंडा खुडतेस कशाला गं?"

"अगं, शेंडा खाली एक रस धाडतो, संजीवक. त्याच्या धाकानं पानांच्या बगलेतले कोंबांचे डोळे मिटून राहतात. शेंडा गेला की फुटतात."

"म्हंजे शेंडा नाय, सासूच हाय की ही! ही जागी तवर सुनांनी तोंड उघडायचं नाय."

सुमा हसता हसता वाफ्यातच बसली.

मग तिनं दोन रोपांचे शेंडे खुडले आणि एकाच्या खुडल्या जागी कॉलेजातून आणलेलं त्याच संजीवकाचं मलम लावलं. मलम न लावलेलं रोप चहूकडून फुटलं. मलम लावलेलं, शेंडा आहेच असं समजून, निजून राहिलं.

पुढच्या पावसाळ्यात कावीळ झाली आणि सुमा गेली. एकोणीस वर्षांची होती.

तुमची आई तेव्हा पंधराची. मी तिला सुमाचे कपडे घालायला लावले, सुमाच्या खुर्चीत बसवलं. गाणं शिकते म्हणाली, तर सुमाची पुस्तकं पुढ्यात ठेवली. उठता-बसता माझं एकच, "सुमा असती तर..." पोर आवाज न करता जेवायला शिकली.

वर्षभरानं वाफा खुरपता खुरपता जनी थांबली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, खुडल्या जागी लेप लावून ठेवलाय तुमी. धाकटीचा डोळा फुटंल कसा?"

त्या दिवसापासून ते 'सुमा असती तर' मी गिळलं. तुमची आई हळूहळू फुटली, गायली, इतक्या दूर पोचली. पण माझ्यासमोर बहिणीचं नाव तिनं कधी घेतलं नाही, आणि तिच्यासमोर मीही नाही. काळ नुसता वर वाढत जात नाही. खुडल्या जागेपाशी तो पुन्हा पुन्हा वाकून बघतो, आणि जे उरलं नाही त्याचा रस अजूनही खाली उतरत असतो.

सुमाच्या वांग्यांचं बी मी दर वर्षी राखलं. मागच्या अंगणात त्याची चार रोपं आहेत. याल तेव्हा आईलाही तिथं घेऊन या, सुमाचं नाव मीच आधी घेईन.