दोनशे चौदा चिठ्ठ्या

मल्हारराव जाधवांना नावं ठेवायची भारी हौस होती. दोष काढायची नव्हे, खरोखरीची नावं द्यायची. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या त्यांच्या पंपांच्या कारखान्याचं नाव मल्हार प्रिसिजन, जे. पी. नगरातल्या घराचं मल्हार कृपा, आणि घरामागे बोअरवेलला पाणी लागलं तेव्हा तिच्या पाइपावरही 'मल्हार गंगा' अशी पत्र्याची पाटी चढली. म्हणून १९९७ च्या ऑगस्टात एका सकाळी ते सुप्रीताच्या टेबलाशी येऊन म्हणाले, "आता तुझ्या त्या व्हिडिओच्या प्रोग्रॅमला एक चांगलं नाव पाहिजे," तेव्हा पुढची पाटी कुणाच्या नावाची, हे तिने ओळखलं.

सुप्रीता इंजिनिअर होऊन इथे लागली ती कारखान्यातले दोन कॉम्प्युटर सांभाळायला. व्हिडिओशी तिचा संबंध आला तो मल्हाररावांच्या मुलीच्या लग्नामुळे. ते लग्न हयवदनने शूट केलं होतं. हा तिच्या कॉलेजातला मित्र. शिकला इलेक्ट्रॉनिक्स, पण जीव कॅमेऱ्यात. त्याने दिलेल्या कॅसेटी तीन होत्या, एकेक तीन तासांची. मल्हारराव घरी आलेल्या प्रत्येकाला पहिल्या कॅसेटीपासून दाखवायला बसवत, आणि पाहुणे सीमांतपूजनाच्या आसपास घड्याळ बघायला लागत.

यावरून सुप्रीताला कल्पना सुचली आणि आठ महिने कारखान्यातच खपून तिने आणि हयवदनने ती उभी केली. दोन व्हीसीआर कॉम्प्युटरला जोडायचे. एकात लग्नाची कॅसेट, दुसऱ्यात कोरी. बघताना चांगला भाग सुरू झाला की एक बटण दाबायचं, संपला की दुसरं. मग खुशाल कॉफी प्यायला जायचं. कॉम्प्युटर आपला आपण कॅसेट पुढेमागे पळवून तेवढेच तुकडे कोऱ्या कॅसेटवर उतरवून ठेवायचा. मल्हाररावांनी ते चालताना पाहिलं आणि हे आपण विकायचं, असं तिथेच ठरवून टाकलं. सप्टेंबरात लग्नाचे फोटो-व्हिडिओ काढणाऱ्यांचं मोठं प्रदर्शन होतं. तिथे स्टॉल घेतला. खोका छापायचा होता. आणि खोक्यावर छापायला नाव नव्हतं.

"मी काही सुचवणार नाही," मल्हारराव म्हणाले. "नाहीतर लोक म्हणतील, अण्णा सगळीकडे आपलंच नाव घुसडतात. आपण स्पर्धा घेऊ. सगळा कारखाना नावं सुचवेल."

त्या दिवशी दुपारी फाटकाजवळ नोटीस लागली, कन्नडात आणि इंग्रजीत. प्रत्येकाने एक चिठ्ठी टाकावी. जो शब्द सगळ्यात जास्त चिठ्ठ्यांवर सापडेल, तेच नाव. पेटीचा निर्णय अखेरचा, मालकालाही बंधनकारक. जिंकणाऱ्याला पाच लिटरचा प्रेशर कुकर. खाली मल्हाररावांची ऐसपैस सही.

पेटी म्हणून फाटकाजवळची जुनी तक्रारपेटीच घेतली. तिच्यावरच्या 'तक्रारपेटी' या अक्षरांवर कोरा कागद चिकटवला. किल्ली दिली अंबुबाईंकडे. त्या कारखान्याचं कँटीन चालवायच्या, मल्हाररावांच्या नात्यातल्या होत्या आणि वयाने त्यांच्यापेक्षा सात वर्षांनी मोठ्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. सांबारात पाणी वाढवायला सांगितलं म्हणून त्यांनी एकदा मालकालाच कँटीनबाहेर उभं केलं होतं, तेव्हा किल्ली योग्य हातात होती याबद्दल कुणाला शंका नव्हती.

सुप्रीताचं नाव ठरलेलं होतं. 'कत्तरी'. मराठीत कात्री, कन्नडात कत्तरी, ऐकणाऱ्याला लगेच कळावं. ती आठ महिने मनात त्याला त्याच नावाने हाक मारत होती. 'मल्हार व्हिडिओ' असं छापलेला खोका डोळ्यांसमोर आला की तिला जेवण जायचं नाही. तिने एक चिठ्ठी टाकली. मग विचार केला, एकाने काय होणार. कँटीनच्या काउंटरवरून टोकनांचं एक पुस्तक उचललं आणि तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत, कधी उजव्या हाताने, कधी डाव्या, कधी कन्नडात, कधी मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने, ती कत्तरी लिहीत बसली.

गुरुवारी दुपारी ती ओढणीखाली चिठ्ठ्यांचा गठ्ठा धरून पेटीशी गेली, तर तिथे हयवदन उभा.

"तू इथे काय करतोस?" तिने विचारलं.

"वारा घेतोय."

"खिसा का फुगलाय?"

हयवदनने खिशावर हात ठेवला. तेवढ्यात ऑफिसचं दार वाजलं. दोघंही पटकन पंपांच्या लाकडी खोक्यांच्या थप्पीमागे जाऊन बसली. जागा एकाचीच होती.

"स्वल्प सरक," हयवदन कुजबुजला.

मल्हारराव आले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, वॉचमनला उगाचच पाण्याची टाकी बघायला पाठवलं. मग कोटाच्या आतून एक जाडजूड पाकीट काढून त्यांनी पेटीत चिठ्ठ्या सोडायला सुरुवात केली. पेटी भरत आली होती. तेव्हा त्यांनी वरच्या खिशातली स्टीलची पट्टी काढली आणि चिठ्ठ्या खाली दाबल्या, मोठ्या मायेने, जसं बरणीत लोणचं दाबावं. काम झाल्यावर पट्टी पुसून खिशात ठेवली आणि शीळ घालत परत गेले.

दोघंही खोक्यांमागून बाहेर आली.

"तुझं नाव काय?" सुप्रीताने विचारलं.

"एडिटॉक्स टू थाउजंड. तुझं?"

"नाही सांगत."

मग त्यांनी आळीपाळीने आपापल्या चिठ्ठ्या टाकल्या. पट्टी नव्हती, म्हणून हयवदनचा कंगवा वापरला.

शनिवारी दुपारी कँटीनमध्ये पेटी उघडली. सगळा कारखाना जमला होता. अंबुबाईंनी पेटी टेबलावर उलटी केली, आणि ढीग एवढा पडला की काही चिठ्ठ्या मजुरांच्या पायांत गेल्या. त्यांनी चष्मा लावला आणि शांतपणे, एकेक करून, सगळ्या मोजल्या.

"दोनशे चौदा," त्या म्हणाल्या. "कारखान्यात माणसं किती रे, पिराजी?"

पिराजी हा लेथवरचा सगळ्यात जुना कामगार. "मालक धरून त्रेसष्ट, अक्का. त्यातले दोन गावाला गेलेत."

"सरी, असू दे." अंबुबाईंनी चष्म्यावरून पहिल्या ओळीकडे पाहिलं. मल्हारराव पंख्याकडे बघत होते. हयवदन बुटांची नाडी सोडून पुन्हा बांधत होता. सुप्रीता उपम्यातली कढीपत्त्याची पानं एका बाजूला लावत होती.

मग अंबुबाईंनी गठ्ठे करायला घेतले. कुणाचं अक्षर त्यांनी पाहिलंच नाही. त्या चिठ्ठ्या उलट्या करत होत्या.

"या बाहत्तर," त्यांनी पहिला गठ्ठा पुढे सरकवला. "सगळ्यांवर मल्हार. मागे बघितलं तर अर्धा गणपती, कुठे गणपतीची सोंड, कुठे उंदीर. आणि इथे बघा, 'आपले नम्र, मल्हारराव जाधव'. पोरीच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका कापल्यात कुणीतरी. कुणी असेल ते असो, या बाद."

मल्हाररावांनी मान डोलावली, जणू असल्या लोकांचं काय करावं हे त्यांनाही कळत नव्हतं.

"या छप्पन्न. एडिटॉक्स. कडेला भोकं असलेला कागद. तो कॉम्प्युटरच्या छापायच्या यंत्राचा असतो, आणि ते यंत्र वापरणारी माणसं इथे दोनच आहेत. बाद."

"आणि या पंचेचाळीस, कत्तरी." त्या थांबल्या. "या तर माझ्याच टोकनांवर आहेत. पुस्तक सोमवारपासून सापडत नव्हतं. मी वॉचमनला बोलले त्यावरून, बिचाऱ्याला." त्यांनी सुप्रीताकडे पाहिलं नाही, आणि त्यामुळे सुप्रीताला जास्तच ओशाळल्यासारखं झालं. तिने तिथल्या तिथे ठरवलं की संध्याकाळी वॉचमनची माफी मागायची.

"उरल्या एक्केचाळीस," अंबुबाई म्हणाल्या. "आता खऱ्या स्पर्धेला सुरुवात."

त्या वाचत गेल्या. बावीस चिठ्ठ्यांवर नावं होती. बहुतेकांनी आपापल्या मुलांची, दोघांनी गावच्या देवाची, एकाने बायकोचं आणि खाली 'तिला सांगू नये' अशी विनंती. मल्हार असं लिहिलेल्या दोन खऱ्या चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा मल्हारराव खुर्चीत ताठ झाले. दोनच का होईना, दुसऱ्या कुठल्या नावाला दोन नव्हत्या.

"म्हणजे मग ठरलंच की," ते म्हणाले. "मी काही म्हटलं नव्हतं हां. पेटीनेच सांगितलं."

"थांब, मल्हारी. अजून एकोणीस आहेत."

या एकोणीस वेगळ्या होत्या. पेटीवरचा कोरा कागद दुसऱ्याच दिवशी वाऱ्याने उडाला होता आणि लोकांनी सवयीप्रमाणे तक्रारी टाकल्या होत्या. अंबुबाईंनी त्याही वाचल्या, अगदी त्याच आवाजात.

"'सांबार स्वल्प तिखट.' 'दोन नंबरचा पंखा स्वल्प जोरात फिरवा.' 'जेवणाची सुट्टी स्वल्प वाढवावी.' 'अक्कांनी भात वाढताना स्वल्प हसावं.'" इथे त्या क्षणभर थांबल्या, हसल्या मात्र नाहीत. "'मालक शीळ घालतात, ती स्वल्प हळू.'"

कँटीनमध्ये खसखस पिकली. वाचून झाल्यावर त्यांनी त्यातल्या अकरा चिठ्ठ्या वेगळ्या केल्या.

"पिराजी, नोटीस वाच."

पिराजीने भिंतीवरची नोटीस मोठ्याने वाचली. जो शब्द सगळ्यात जास्त चिठ्ठ्यांवर सापडेल, तेच नाव. मालकालाही बंधनकारक.

"अकरा चिठ्ठ्यांवर स्वल्प," अंबुबाई म्हणाल्या. "झालं."

मल्हारराव उठून उभे राहिले. "अक्का, या तक्रारी आहेत. हे नाव नाही."

"नोटिशीत 'नाव' लिहिलं नाहीस. 'शब्द' लिहिलंस."

"पण स्वल्प म्हणून वस्तू कोण विकत घेईल? माणसाला नेहमी जास्त पाहिजे असतं."

"नऊ तासांची कॅसेट शेवटपर्यंत किती जणांनी बघितली, सांग बघू." त्यांनी दोन बोटं वर केली. "तू बघितलीस, आणि मी. त्यात मी दुसऱ्या कॅसेटला झोपले होते."

सुप्रीताच्या पंचेचाळीस चिठ्ठ्यांचा गठ्ठा तिच्यासमोरच पडला होता आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं. पण अंबुबाईंचं ते वाक्य तिने ऐकलं आणि तो शब्द तिने मनात एकदा म्हणून पाहिला. मग एकदा खोक्यावर लिहिलेला पाहिला. कत्तरीत कापण्याचा आवाज होता. लग्नाची कॅसेट कापायची म्हटलं की घरच्या बायकांच्या अंगावर काटा आला असता, हे तिला आत्ता सुचत होतं. कापणं कुणालाच नको होतं. थोडक्यात हवं होतं, एवढंच. आणि या शहरात रिक्षावाल्यापासून दूधवाल्यापर्यंत दिवसभर 'थोडं' या अर्थाने प्रत्येकाच्या तोंडात असणारा, मराठीत म्हटला तरी परका न वाटणारा हा शब्द तिला आठ महिन्यांत एकदाही सुचला नव्हता.

"अण्णा," ती म्हणाली, "बरं आहे हे."

"काय बरं आहे त्यात?"

हयवदनने नाडी सोडून वर पाहिलं. "लग्न मोठं, कॅसेट स्वल्प," तो म्हणाला. सहजच म्हणाला, पण मागून कुणीतरी ते परत म्हटलं, आणि मग लेथवाल्यांनी टेबलावर ताल धरला. मल्हाररावांना हरल्याचं कळत होतं, पण ताल धरलेला माणूस त्यांना मुळातच आवडायचा. ते खाली बसले.

कुकरचा प्रश्न सुटायला मात्र वेळ लागला, कारण अकरा जण पुढे आले. अंबुबाईंनी तो कँटीनमध्येच ठेवून घेतला आणि सोमवारी त्यात सांबार केलं. स्वल्प कमी तिखट.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी स्टॉलवर निळे खोके रचले होते आणि त्यांच्यावर पांढऱ्या अक्षरांत स्वल्प. मल्हारराव नवा सफारी सूट घालून पुढे उभे होते. सुप्रीता आणि हयवदन मागे अर्धवट ओढलेल्या पडद्याआड व्हीसीआरच्या तारा जोडत होती, त्यामुळे त्यांना सगळं ऐकू येत होतं.

होसकोट्याहून आलेल्या एका व्हिडिओवाल्याने नावाबद्दल विचारलं तेव्हा मल्हारराव म्हणाले की ते त्यांना तिरुपतीच्या रांगेत सुचलं. पुण्याहून बदलून आलेल्या एका गृहस्थाने "स्वल्पविरामातलं स्वल्प का?" असं विचारलं, तर त्यांनी गंभीरपणे सांगितलं की हो, आयुष्यात विराम फार महत्त्वाचा, त्यावर आपण दोन वर्षं चिंतन केलं. तिसऱ्याला सांगितलं की हे घराण्यातल्या एका जुन्या कागदात सापडलं.

"आठवड्यात रामायण तयार होईल," हयवदन तार दातात धरून म्हणाला.

दुपारी एक बाई आल्या. स्वतःचा स्टुडिओ होता त्यांचा. त्यांनी खोका उचलून नाव वाचलं आणि हसल्या. "छान आहे. कुणाला सुचलं?"

सुप्रीताने कान टवकारले. आता काय, हे ऐकायला ती तार हातातच धरून थांबली.

मल्हाररावांनी सफारीची कॉलर सारखी केली. मग वळून त्यांनी पडद्यामागे बोट दाखवलं. "ती पोरगी दिसते ना, तारांमध्ये बसलेली? आठ महिने खपली बिचारी. बनवलं तिने, आणि नावही तिनेच ठेवलं."

बाई वाकून आत बघायला लागल्या. सुप्रीताने खरं सांगायला तोंड उघडलं. तक्रारपेटी, अकरा चिठ्ठ्या, अंबुबाई, सगळं जिभेवर आलं होतं. मल्हारराव तिच्याकडे बघत होते, आणि त्यांची शीळ हळूहळू सुरू झाली होती.

"हो," ती म्हणाली. "मीच."