खणांची वाकळ

नर्सबाईंनी गाठोड्याची गाठ सोडली आणि केशरबाईची ओसरी रंगांनी भरून गेली. हिरवे, जांभळे, डाळिंबी, मोरपंखी, हळदीसारखे पिवळेजर्द चोळीचे खण. कुठं पॉपलीन, कुठं टू बाय टू, मधूनच एखादा रेशमी काठाचा. एकालाही अजून सुई लागलेली नव्हती.

अरुंधतीबाई नर्स म्हणून गावात आल्या त्याला तेवीस वर्षं झाली होती. ज्या घरी बाळंतपण नीट पार पडलं त्या घरानं बारशाला त्यांची ओटी भरली, आणि ओटीत खण घातला. एरवी खण म्हणजे गावभर हिंडणारी वस्तू. या घरच्या ओटीतून त्या घरच्या ओटीत जायचा, आणि वर्षा-दोन वर्षांनी आपल्याच दारी परत आला तरी कोणी ओळख दाखवायचं नाही. बाईंच्या पेटीत गेलेला खण मात्र तिथंच मुक्काम करायचा. त्या कोणाला देत नसत आणि शिवूनही घेत नसत. बारा महिने तेरा काळ पांढरं पातळ आणि पांढराच ब्लाऊज.

आता महिनाअखेरीला त्या रिटायर होऊन जालन्याला, आपल्या भावाकडे, गिरिधररावांकडे राहायला जाणार होत्या. त्या म्हणाल्या, याची एक वाकळ करून दे. पोटात घालायला माझी जुनी पातळं घे, धुऊन धुऊन लोण्यासारखी झालीत. नमुना कोणता, ते तुझं तू ठरव.

केशरबाईनं मान डोलावली. पण तिच्या जिवाला एक टोचणी लागली. त्या गाठोड्यात गावातल्या बहुतेक घरांचा खण होता, फक्त तिच्या घरचा नव्हता.

गोष्ट एक्क्याऐंशी सालची. केशरबाईचं पहिलं बाळंतपण अडलं, तेव्हा सासूनं, चतुराबाईनं, नर्सबाईंना दारातूनच परत लावलं होतं. आमच्या घरात सुया टोचणारी नको, म्हणाली. बाळ राहिलं नाही. तिसऱ्या दिवशी केशरबाई तापानं फणफणली, शुद्ध हरपली, तेव्हा नवरा पुंजाराम कोणाला न विचारता सायकल घेऊन निघाला आणि बाईंना घेऊन आला. मग सलग अकरा दिवस बाई बांधावरून चालत येत राहिल्या. एका शब्दानं त्यांनी मागचं काढलं नाही. केशरबाई उठून बसली, पेज प्याली, जगली. पुढं संपत झाला तो माहेरी, तिकडच्या सुइणीच्या हातून. आणि इकडं, बारसं नाही तर ओटी कशाची? आभार मानायचे राहिले ते राहिलेच.

तिनं खण मिठाच्या पाण्यात रंगारंगानं वेगळे भिजवले, सावलीत वाळवले, आणि जुळवायला बसली. आधी चौकटी मांडून पाहिल्या. सगळेच रंग भडक. एकमेकांशेजारी आले की भांडायला लागले. खाटेवरून चतुराबाईनं डोळे किलकिले करून पाहिलं आणि विचारलं, कुणाच्या लग्नाचा मांडव घालून राह्यलीस गं? केशरबाईनं मुकाट्यानं मोडलं. मग शंकरपाळ्या मांडल्या. त्या दिसत होत्या देखण्या, पण तसं कापायचं तर प्रत्येक खणाचं टोक वाया जात होतं.

आणि टोकाशीच तिची कात्री थांबली.

ओटीत घालताना खणाची तिकोनी घडी घालतात, टोकाला हळदीकुंकवाचं बोट लावतात. वर्षानुवर्षं तशाच घडीत राहिल्यानं प्रत्येक खणावर तिकोनाची मोड उमटली होती, आणि टोकाला पुसट तांबडा-पिवळा डाग होता. मिठाच्या पाण्यानंही तो गेला नव्हता. तिनं एक खण मोडीवर कापला, दुसरा कापला, चार झाले. चारही टोकं एकमेकांना लावली. चार घरांची चार बोटं मधोमध भेटली आणि तिथं एक फूल झालं. भडक रंग आपापल्या कोपऱ्यात गुमान बसले.

नमुना गाठोड्यातच होता, आपण उगाच बाहेर शोधत होतो, असं वाटून तिला हसू आलं. दहा-बारा दिवस ती टाके घालत राहिली. घालता घालता ओठांवर आपसूक ओवी आली:

पांढरं लुगडं, येतं बांधाच्या कडंनं
माझ्या जिवाची दोरी, धरली तिच्या हातानं

सगळ्यात शेवटी मधली चौकट आली. तिला तीनच तिकोन उरले. चौथा कुठल्याही खणातून निघाला असता. कापड ढीगभर शिल्लक होतं, बाईंना कळलंही नसतं. पण एका घराचे दोन तिकोन कसे लावायचे? आणि आपल्या लुगड्याचा तुकडा लावायचा, तर जे दिलंच नाही ते दिल्यासारखं दाखवायचं. तिनं ती जागा तशीच सोडली. आतलं पांढरं पातळ तिथून दिसत राहिलं.

जाण्याच्या आदल्या दिवशी बाई आल्या. वाकळ पसरली तशा त्या खाली बसल्या आणि एकेका तिकोनावरून बोट फिरवत घरं ओळखत गेल्या. हा द्वारकाबाईच्या जुळ्यांचा. हा बेबीनंदाचा, पावणेचार किलोची पोरगी. हा कचरूच्या आईनं दिला, नातू झाला म्हणून रडत रडत. बोट मधे येऊन थांबलं.

"इथं कोणाचं राहिलं गं?"

"आमचं," केशरबाई म्हणाली. तिनं मान वर केली नाही. "अकरा दिवस आल्तात तुम्ही, बाई. मी जगले. पण द्यायचं राहून गेलं."

खाटेवर कुरकुर झाली. चतुराबाई उठून बसली होती. तिनं सुनेला हाक मारून आपली पत्र्याची पेटी जवळ सरकवायला लावली. तळाला, लुगड्याच्या घडीत, एक हिरवागार खण होता. तिकोनी घडी घातलेला. टोक कोरं.

"बारशाला म्हणून तीर्थपुरीच्या बाजारातून आणला होता," ती म्हणाली. "मंग बारसंच न्हाई झालं. दुसऱ्याच्या ओटीत घालाया हात उचलला न्हाई." तिनं खण बाईंपुढं धरला. "दारातून लावून दिलं तुम्हाला. तरी माझी सून जगवलीत."

केशरबाई सासूकडं पाहतच राहिली. सोळा वर्षं एका छपराखाली काढली, आणि या पेटीत काय आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

बाईंनी खण दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. "त्या दिवशी दारातच बसून राहायला हवं होतं मी," त्या हळूच म्हणाल्या. "पुढं तुमच्या घरी यायला मलाच लाज वाटायची." मग त्यांनी कुंकवाचा करंडा मागितला आणि तो म्हातारीपुढं ठेवला. चतुराबाईनं चाचपत बोट बुडवलं, हिरव्या टोकाला टेकवलं. केशरबाईनं मोडीवर कात्री चालवली, तिकोन जागेवर बसवला. पांढरं झाकलं गेलं.

"टाका मी घालते," म्हणून बाईंनी सुई घेतली. चष्मा नाकावर सरकवला. बारीक, घट्ट, प्रत्येक टाक्याला गाठ.

केशरबाई डोळे पुसता पुसता हसायला लागली. "बाई, हे माणसाचे टाके झाले. वाकळंचे असे नसतेत."

"मला हेच येतात," बाई म्हणाल्या. "उसवायचे नाहीत."

वाकळ उपाशी देऊ नये, म्हणून केशरबाईनं कोपऱ्यात भाकरीचा कुटका घालून काठ बंद केला. मग तिची तिकोनी घडी घातली. घडी चांगलीच जाड झाली, दोघींना मिळून धरावी लागली. एका बाजूनं केशरबाईनं धरली, दुसऱ्या बाजूनं खाटेवरून वाकून चतुराबाईनं.

बाईंनी पांढरा पदर पसरला.