थोडा वेळ, वेळ थोडा

मित्रांनो, हैदराबादेत तारनाक्याला एका बैठ्या घरात, टीव्हीच्या वरच्या फळीवर एक जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश आडवा पडलेला आहे. तो मी. पानं चहाच्या रंगाची झाली आहेत, पण शब्द अजून सगळे जागेवर आहेत.

छापखान्यातून निघाल्यावर मी कुठं कुठं फिरलो ते सांगत बसत नाही. सुलतान बाजारात जुन्या पुस्तकांच्या ढिगात मी तेलुगू आणि उर्दू पुस्तकांखाली दबून गेलो होतो. तिथून श्रीपतीनं मला उचललं. तो नांदेडकडचा, रेल्वेच्या कारखान्यात फिटर. त्याची मुलगी रेणुका इंग्रजी शाळेत जाऊ लागली होती, आणि तिच्या इंग्रजीचं मराठी करून सांगणारं घरात कुणी नव्हतं. तिची आई चतुराबाई मला हात पुसल्याशिवाय उचलत नसे.

रोज संध्याकाळी बाप-लेक मला मध्ये घेऊन बसत. एकदा 'लिटल' हा शब्द आला. दिसायला एवढासा, पण माझ्यात त्यानं अर्धं पान अडवलेलं. लहान, धाकटा, क्षुल्लक, किंचित. पुढं 'फिंगर' आलं की करंगळी. रेणुकाला एक गोष्ट काही केल्या कळेना. 'अ लिटल' म्हणजे थोडंसं, मग नुसतं 'लिटल' म्हणजे जवळजवळ नाहीच, असं कसं?

श्रीपतीनं ते अर्धं पान पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "आपल्यातही आहे की. थोडा वेळ आहे म्हणजे बस, चहा पी. वेळ थोडा आहे म्हणजे ऊठ, गाडी सुटेल."

हे माझ्यातही छापलेलं नव्हतं.

रेणुका शिकली, मोठ्या कंपनीत लागली, लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. शब्दांचे अर्थ फोनवर मिळू लागले आणि मी फळीवर गेलो. श्रीपती निवृत्त झाला. पाठोपाठ चतुराबाई गेली, आणि घरातलं बोलणंच संपलं. शेजारची भाग्यलक्ष्मी जीव लावते, पण तिच्याशी हैदराबादी हिंदीत बोलावं लागतं. श्रीपतीचं मराठी मनातल्या मनात राहिलं.

गेल्या हिवाळ्यात चतुराबाईचा स्मृतिदिन आला. रेणुकानं जेवायला यावं असं त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. सकाळी तिचा मेसेज आला. तो त्यानं सवयीनं मोठ्यानं वाचला, "बाबा, आय हॅव लिटल टाइम टुडे." पुन्हा वाचला. मग स्वतःशीच म्हणाला, "घाईत 'अ' राहिला असेल," आणि शेगडी पेटवली.

त्यानं फोटोला हार घातला, मेणबत्ती लावली. भाकरी थापल्या, चतुराबाई करायची तसं वांगं केलं, दोन ताटं वाढून वर झाकणं ठेवली. भाग्यलक्ष्मी डोकावली तेव्हा रेणू येतेय म्हणून तिला हौसेनं सांगितलं. दुपार कलली तशी ती पुन्हा येऊन दारात उभी राहिली. "ट्रॅफिक रहता अंकल, आ जाते," एवढंच बोलून ती गेली.

उन्हं उतरली. श्रीपतीनं मला फळीवरून काढलं, कित्येक वर्षांनी. तोच शब्द काढला आणि त्या अर्ध्या पानावरून वरून खाली बोट फिरवत राहिला. आणखी एखादा अर्थ मिळतो का, ते तो बघत होता. तो मी कुठून देणार होतो?

संध्याकाळी रेणुकाचा फोन आला. श्रीपती म्हणाला, जेवलो, काम असतंच, तू काळजी करू नको. ताटं तशीच झाकलेली होती.

पुढच्या रविवारी ती आली. आल्या आल्या घर आवरायला लागली. मला उचललं तर माझी उसवलेली पाठ तिच्या हातात आणि मी खाली. हे सगळं आता फोनवर मिळतं बाबा, रद्दीत देऊ का, असं तिनं मायेनंच विचारलं.

श्रीपती म्हणाला, "राहू दे. घरात कुणीतरी मराठी बोलणारं हवं."

रेणुकानं हातातलं फडकं खाली ठेवलं. मग तिनं स्वयंपाकघरातून मैदा आणला, खळ शिजवली आणि जमिनीवर बसून माझ्या पाठीला लावली. वरून कापडाची पट्टी चिकटवली. दाब हवा म्हणून श्रीपतीनं भरलेला तांब्या ठेवला.

खळ वाळेपर्यंत दोघं आईविषयी बोलत बसली. रेणुका मधेच घड्याळ बघून उठायला लागली, तेव्हा त्यानं पट्टीला बोट लावलं आणि म्हणाला, अजून ओली आहे. ती बसली. पुन्हा उठली, तेव्हाही त्यानं तेच सांगितलं. खळ केव्हाच वाळली होती. मला ठाऊक होतं. मला वाटतं, तिलाही ठाऊक होतं. कारण तिनं पर्स खाली ठेवली आणि चहाचं आधण चढवलं.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादं उसवलेलं पुस्तक असेल. ते एकट्यानं चिकटवत बसू नका. घरात जे कुणी गप्प बसून असेल, त्याच्यापाशी घेऊन जा. आणि खळ जरा पातळच करा, वाळायला वेळ लागेल अशी.