बाटली गालाला

विमलच्या काचेच्या बशीतले जंतूंचे डाग मोजता येत नव्हते. एकमेकांत मिसळून ते सायीसारखे पसरले होते. शेजारी वनमालाची बशी होती. तिच्यात अगदी थोडे डाग, टाचणीच्या डोक्याएवढे. प्रयोगशाळेतल्या निजामकालीन उबपेटीतून दोन्ही बशा आत्ताच बाहेर आल्या होत्या आणि दोन्हींत एकाच पुड्यातला खिमा होता, मुनवर खाटकाच्या दुकानातून तपासणीला आलेला.

डॉक्टर नारायणरावांनी वनमालाची बशी उजेडात धरली.

"याला म्हणतात स्वच्छ हात! विमलताई, तुमच्या बशीत बाहेरचं काही पडलं असणार."

"असेल," विमल म्हणाली आणि बशीची कड पुसली. कड स्वच्छच होती.

पुण्याच्या प्रशिक्षणाला एकच जागा होती. विमल कित्येक वर्षं तिची वाट पाहत होती. वनमाला आली होती दिवाळीनंतर.

"ताई, पुण्याहून आले की तुम्हाला सगळं नवं शिकवीन हं," वनमाला म्हणाली.

विमलनं हातातलं फडकं घडी करून ठेवलं, उलगडलं, पुन्हा घडी केली.

वनमाला तुळजापूरच्या मास्तरांची मुलगी, तिच्या घरात कांदाही शिजत नसे. बशीतल्या खिम्याच्या पाण्यावर जंतू वाढवणारं पातळ आगर ओतण्याआधी बाटली गालाला लावून पाहायची असते. गालाला सोसलं तर जंतूंनाही सोसतं. मांसाच्या टेबलावरची बाटली तोंडाशी न्यायला वनमाला धजत नसे. ती पदरानं धरून आगर वाफाळतंच ओती, आणि जंतू वाढण्याआधीच मरत. विमलला हे सुरुवातीलाच दिसलं होतं. एक दिवस आपोआप उघडं पडेल, म्हणून ती गप्प राहिली. पण उघडं काहीच पडलं नाही. कौतुक मात्र वाढत गेलं. आता सांगितलं तर लोक म्हणणार, जळते.

दारात मुनवर उभा होता.

"पास ना, सायब? उद्यापासनं बोर्डिंगच्या पोरांना द्यायचाय. नवी मशीन आणलीय, लई बारीक खिमा निघतोय."

"मशीन धुता का?" विमलनं विचारलं.

"न धुवून कसं चालंल, बाई? ईदला धुतली की!"

वनमाला खुदकन हसली. डॉक्टरही हसले.

"धुतली असणारच. ही बशीच सांगतेय," ते म्हणाले आणि त्यांनी शिक्का शाईवर दाबला.

वनमालानं पुढच्या बशीसाठी पदरात धरलेली बाटली विमलनं काढून घेतली आणि गालाला लावली. क्षणभरही सोसवली नाही. गालावर लाल डाग उठला.

"थांबा, साहेब," ती म्हणाली. "हा खिमा पास करू नका. वनमालाचं आगर गरम पडतंय. पहिल्या दिवसापासनं. मी बघत होते."