पावणी

दीपा मगदूम लोकांना कोल्हापूर पायी दाखवायची. स्टेशन रोडवरच्या एका हॉटेलात तिनं आपला फोन नंबर देऊन ठेवला होता, आणि अंबाबाईचं दर्शन, पन्हाळा, जोतिबा असं सगळं गाडीतून उरकल्यावरही ज्यांना जुनं गाव बघायची हौस उरलेली असे, अशी माणसं तिच्याकडे येत. कधी एखादं कुटुंब, कधी एकटंच कुणी. भवानी मंडपातून निघायचं, चप्पल लाईन, गुजरी, पापाची तिकटी, गंगावेश असं रमतगमत शुक्रवार पेठेतल्या तिच्या घरी यायचं आणि तिच्या आईच्या, अक्काताईच्या, हातचं साधं जैन जेवण जेवून फेरी संपवायची. जैनांचं घर, त्यामुळे जेवण सूर्य मावळायच्या आत. पाहुण्यांना राजवाड्यापेक्षा त्याचंच अप्रूप जास्त वाटे.

दोन हजार चार सालचा डिसेंबर होता. उसाच्या गाड्या गावाबाहेरून वाहत होत्या आणि दुपारचं ऊन अंगावर घ्यावंसं वाटण्याइतकं मऊ झालं होतं. हॉटेलवरून निरोप आला होता की एकटी बाई आहे, फक्त जुनं गाव बघायचं म्हणते. दीपा भवानी मंडपाजवळच्या नगारखान्याच्या कमानीखाली पोचली तेव्हा ती बाई आधीच येऊन उभी होती. दीपाच्याच वयाची, तिशी ओलांडलेली, अंगावर साधी राखाडी सुती साडी. खांद्याला पर्स नव्हती, गळ्यात कॅमेरा नव्हता. नाव शिवलीला, एवढंच तिनं सांगितलं.

"पहिल्यांदाच येताय कोल्हापूरला?" दीपानं विचारलं.

"पहिल्यांदाच," ती म्हणाली. "सगळं सांगा. तुमचं स्वतःचंही सांगा. नुसत्या इमारती माझ्या लक्षात राहत नाहीत."

असं कुणी म्हटलं की दीपाला बरं वाटे. सनावळ्या सांगून तिचा घसा कोरडा पडायचा, आणि तिचं स्वतःचं कुणी विचारत नसे. कमानीतून आत जाता जाता तिनं सांगितलं, की लहानपणी इथल्याच पायरीवर ती पडली होती आणि गुडघ्यावर अजून वण आहे. मग अण्णांबद्दल सांगितलं. अण्णा म्हणजे तिचे वडील, पार्श्वनाथ मगदूम, भांड्यांचे दुकानदार, जाऊन नऊ-दहा वर्षं झाली होती. लग्नाचं जमता जमता कसं राहिलं तेही सांगितलं. शिवलीला फार लक्ष देऊन ऐके. दीपाचं वाक्य संपलं की तिचे ओठ किंचित हलत, एखादी गोष्ट पाठ करताना हलतात तसे.

आणि मग, का कोण जाणे, जे दीपानं आईलाही सांगितलं नव्हतं तेही तिच्या तोंडून निघून गेलं. पुण्याच्या एका ट्रॅव्हल कंपनीनं तिला नोकरी देऊ केली होती. संक्रांतीनंतर जायचं होतं. आईला आज रात्री सांगू, उद्या सांगू, असं करत तिनं पंधरवडा काढला होता.

"सोडून जावंसं वाटतं तुम्हाला इथून?" शिवलीलानं विचारलं.

"वाटतं," दीपा म्हणाली, आणि आपण इतक्या पटकन उत्तर दिलं याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

चप्पल लाईनमध्ये गुंडूमामाचं दुकान लागलं. दीपाच्या पायातल्या चपला याच माणसानं शिवलेल्या होत्या, आणि तिनं आणलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो कातड्याचा वास घ्यायला लावायचा. आजही तो उठून पुढं आला.

"या पावणं, बसा की," तो दीपाला म्हणाला. "कुठनं आलासा?"

दीपा हसली. गुंडूमामा थट्टेखोर होता. पण तो हसला नाही. त्यानं शिवलीलाकडे बघून नुसती मान उडवली, रोजच्या माणसाकडे बघून उडवतात तशी, आणि म्हणाला, "आज एकच व्हय गं?"

"व्हय मामा, एकच," शिवलीला म्हणाली.

मग त्यानं दीपाच्या पायांकडे पाहिलं. वाकून एका चपलेची वेणी अंगठ्यानं चाचपली. "ही कुठनं घेतलीसा? झ्याक काम हाय. आमच्याकडचंच वाटतंय."

दीपाला त्याला त्याच्याच बोलीत काहीतरी झणझणीत ऐकवायचं होतं. घरात आणि पेठेत ती इतर बायकांसारखीच 'मी आलो, मी गेलतो' असं बोलायची. पुण्यामुंबईची माणसं त्याला हसत, म्हणून फक्त पाहुण्यांसमोर ती स्वच्छ पुस्तकी मराठी काढायची. पण आता तोंड उघडलं तेव्हा बाहेर आलं ते असं, "मी इथूनच घेतल्या होत्या." ते कुणीतरी परगावचं बोलल्यासारखं वाटलं. गुंडूमामानं आदरानं मान डोलावली आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

"मामा थट्टा करतात," रस्त्यावर आल्यावर दीपा म्हणाली.

"त्यांचा स्वभावच तसा हाय," शिवलीला म्हणाली.

गुजरीतून जाताना दीपानं नेहमीसारखं सोनारांबद्दल बोलायला सुरुवात केली. कोल्हापुरी साजाबद्दल ती पाहुण्यांना भरभरून सांगायची, त्यातल्या एकेका पानाचं नाव आणि अर्थ सांगायची. आज चार पानांनंतर तिला पुढचं आठवेना. ती काचेमागच्या दागिन्याकडे बघत राहिली, आणि शेजारून शिवलीला शांतपणे उरलेली नावं सांगत गेली. एकही चुकलं नाही.

"वाचून आलात वाटतं," दीपा म्हणाली.

"तुम्हीच तर सांगितलंत," शिवलीला म्हणाली.

दीपानं खरंच सांगितलं होतं का? ती आठवू लागली, पण मागच्या अर्ध्या तासातलं तिचं स्वतःचं बोलणं तिला नीट आठवेना. सांगितलं की ते आपल्याजवळून जातं, असा एक वेडगळ विचार तिच्या मनात येऊन गेला. तिनं तो झटकला, पण पापाच्या तिकटीपर्यंत ती काही बोलली नाही. तिथं पोचल्यावर आता या चौकाबद्दल काहीतरी सांगायचं असतं एवढंच तिला समजत होतं. समोरून रिक्षा, सायकली, भाजीच्या पाट्या जात होत्या. मग शिवलीलाच बोलू लागली. आवाज मोठा नव्हता, पण शब्द ठाशीव होते, आणि एखाद्या दुकानाकडे हात करताना ती जरा बाजूला सरकायची, पाहुण्याला नीट दिसावं म्हणून. दीपाही तशीच सरकायची.

गंगावेशीच्या अलीकडे एका बोळात जुनी तालीम होती. बायकांनी आत जायचं नसे, म्हणून दीपा पाहुण्यांना उंबऱ्याबाहेरूनच लाल मातीचा हौदा, म्हणजे कुस्तीचा आखाडा, दाखवायची आणि म्हातारे वस्ताद हंबीरराव बाहेरच्या कट्ट्यावर बसून जुन्या गोष्टी सांगायचे. अण्णा तरुणपणी याच हौद्यात उतरलेले. हंबीररावांनी दीपाला कडेवर घेऊन जोतिबाचा डोंगर दाखवून आणला होता. त्यांना लांबून बघताच तिचा जीव भांड्यात पडला.

"ये गं," हंबीरराव म्हणाले. "आईचं गुडघं काय म्हणत्यात?"

"थंडीनं जरा धरल्यात," शिवलीलानं उत्तर दिलं.

आईच्या गुडघ्यांबद्दल दीपा वाटेत काहीच बोलली नव्हती. निदान तिला तसं वाटत होतं.

हंबीररावांनी कट्ट्यावरची धूळ पंच्यानं झटकली आणि दीपाला बसायला जागा करून दिली. "पावणं, हिचा बा लई गुणी मल्ल," ते शिवलीलाकडे बोट दाखवून सांगू लागले. "पार्श्वनाथ मगदूम. दिवसभर भांड्याच्या दुकानात बसायचा आन् पहाटंचं हितं मातीत. हरला तरी हसत उठायचा. आमी म्हनायचो, ह्येला हरायचं दुःखच न्हाय."

ही गोष्ट दीपानं शंभर वेळा ऐकली होती. नेहमी या जागी आल्यावर तिचे डोळे भरून यायचे. आज ते भरले नाहीत. गोष्ट छान होती, कुणाच्या तरी वडलांची होती, आणि पाहुणे हलवतात तशी तिनं मान हलवली. ती मान हलली हे कळताच मात्र तिनं हंबीररावांचं बोलणं मध्येच तोडलं.

"काका," ती म्हणाली, "अण्णा माझे वडील."

हंबीररावांनी तिच्याकडे मायेनं पाहिलं. "समद्यांचाच बा हुता त्यो," ते म्हणाले. "कुनालाबी घरी जेवाय घिऊन जायाचा."

दीपा उठली. घरी गेल्यावर सगळं जागेवर येईल, असं तिनं स्वतःला बजावलं. मामा विसरेल, वस्ताद आता थकलेत, पण आई आहे. ती भराभर चालू लागली. गंगावेशीच्या गर्दीतून बाहेर पडली आणि थांबली. समोर गल्ल्यांची तोंडं होती, सगळी सारखी. एकीत पिठाची गिरणी सुरू होती. आपल्या गल्लीच्या तोंडाशी गिरणी आहे की नाही? जन्मापासून ती रोज या वाटेनं आली होती.

मागून शिवलीला सावकाश चालत आली.

"इकडनं," ती म्हणाली.

घर गल्लीच्या आत होतं, दोन खोल्यांचं, दाराला निळा रंग दिलेलं. चौकटीवर तोरण होतं. शिवलीलानं चपला काढल्या, त्या भिंतीला टेकवून ठेवल्या आणि आत बघून हाक दिली, "आई, आलो गं."

"ये बाई, दिवस कलला की," आतून अक्काताईचा आवाज आला. ती पदराला हात पुसत बाहेर आली. दीपाकडे बघून तिनं हात जोडले. "या, बसा. हितं पानी हाय, हात धुवून घ्या. लई चालवलं न्हवं हिनं?"

दीपा पाटावर बसली. पाहुण्यांसाठी ठेवलेलं मोठं ताट तिच्यापुढं आलं. दोडक्याची भाजी, आमटी, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही. चव ओळखीची असेल म्हणून तिनं घाईनं पहिला घास घेतला. जेवण चांगलं होतं. चांगलं जेवण असतं तसं होतं.

शिवलीला स्वयंपाकघरात गेली होती. भांड्यांचा आवाज येत होता, आणि कुठलं भांडं कुठं आहे हे तिला विचारावं लागत नव्हतं.

"आई," दीपा हळूच म्हणाली, "मी दीपा."

अक्काताई हसली. "व्हय? आमच्या पोरीचं नावबी दीपाच हाय."

"मीच तुझी पोर आहे. माझ्या गुडघ्यावर वण आहे, नगारखान्याच्या पायरीवर पडले होते, तू हळद भरली होतीस. अण्णा गेले त्या रात्री तू माझा हात धरून बसली होतीस." ती बोलत गेली, आणि बोलता बोलता तिला जाणवलं, की आपण या गोष्टी आठवून सांगत नाही आहोत, कुणाकडून ऐकलेल्या परत सांगतो आहोत. शेवटी शेवटी तर तिला पुढचं सुचेना.

अक्काताईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थोडा संकोच होता. ती आतल्या दाराकडे वळून म्हणाली, "सांगतीस तरी किती गं पावण्यांस्नी? घरचं समदं सांगायचं असतंय व्हय?"

"त्यांनीच विचारलं," आतून आवाज आला.

शिवलीला बाहेर येऊन अक्काताईशेजारी जेवायला बसली. खिडकीतलं ऊन भिंतीवर वर सरकलं होतं. मग अक्काताईनं ताटाकडे बघतच विचारलं, "पुण्याचं काय ठरीवलंस?"

दीपाचा घास हातातच राहिला.

"तुला कुनी सांगितलं?" शिवलीला म्हणाली.

"फोनवर बोलतीस ते भिंतीपल्याड ऐकू येतंय की. मी म्हनलं, सांगंल आपनहून. वाट बघत हुतो."

"न्हाय जात, आई. हितंच ऱ्हातो."

अक्काताईनं दह्याचा वाडगा ओढला आणि शिवलीलाच्या ताटात एक पळी दही वाढलं. मग तिनं डावा हात शिवलीलाच्या पाठीवर ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. दीपा तो हात बघत राहिली. आपण आज रात्री इथं जे सांगणार होतो त्यानं हा चेहरा कसा झाला असता, ते तिला स्पष्ट दिसलं, आणि त्यानंतर तिला भांडावंसं वाटेना. खाली बघून तिनं भाकरी संपवली.

निघताना अक्काताई म्हणाली, "कुंकू लाव गं त्यांना." शिवलीलानं करंडा आणला. तिचं बोट दीपाच्या कपाळाला टेकलं. बोट उबदार होतं आणि त्याला दोडक्याच्या भाजीचा वास होता.

"गल्लीच्या तोंडापातूर सोडून ये," अक्काताई म्हणाली. "वाट सापडायची न्हाय त्यांना."

दोघी चालत गल्लीच्या तोंडाशी आल्या. सूर्य मावळतीला टेकला होता आणि सगळी गल्ली तांबूस दिसत होती. दीपाला शांत वाटत होतं, लांबचा प्रवास संपत आला की वाटतं तसं. गाव चांगलं होतं. माणसं अगत्याची होती.

"आणखी काही विचारायचं राहिलंय?" शिवलीलानं नम्रपणे विचारलं.

दीपानं मागं वळून पाहिलं. एका दारात एक म्हातारी बाई गुडघ्यावर हात टेकून उभी होती आणि डोळ्यांवर येणारं ऊन दुसऱ्या हातानं अडवून त्यांच्याकडे बघत होती.

"त्या कोण?" दीपानं विचारलं.