तीन मिनिटांची काच

मी एक जुनी काच आहे. खिडकीची नव्हे. लाकडी चौकटीत उभे केलेले वाळूचे घड्याळ. पण सभागृहात मला सगळे काचच म्हणतात. मित्रांनो... म्हणण्याची रीत आहे म्हणून म्हणते. तुमच्यातले काहीजण मोठे होऊन निवडून येतील आणि माझ्या डोक्यावर ओरडतील, हे मला आत्ताच दिसते आहे.

जन्म थोडक्यात आटोपते. एका काच-कारागिराने फुंकर घालून मला फुगवले. त्याच्या बायकोने सात वेळा चाळलेली वाळू माझ्यात भरली, मानेच्या सांध्यावर मेण लावले आणि म्हणाली, "बरोब्बर तीन मिनिटं. वाग आता नीट." त्यानंतर माझ्याशी असे कुणी बोलले नाही.

काम असे. मतदान पुकारले की घंटा होते आणि मला उलटे करतात. वाळू उतरेपर्यंत सभागृहाची दारे उघडी. शेवटचा कण पडला की कड्या लागल्या. आत असेल तो मत देतो, बाहेर राहिला तो बाहेर. मग तो मंत्री असो नाहीतर मंत्र्याचा सासरा. नियम छत्तीस सांगतो: वाळू पूर्ण उतरेपर्यंत काचेला कोणीही हात लावू नये.

(मागच्या बाकावरून: "मुद्द्यावर या!")

बघा. चाळीस वर्षे मी हेच ऐकते आहे. येते मुद्द्यावर.

माझे मेण तडकले. फटीतून ओल शिरू लागली आणि वाळू मानेत अडकू लागली. मला उलटे करणाऱ्या कारकुनाने अर्ज केला: मेण बदलावे. देखभाल समितीने शेरा मारला: पाहू. दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा पाहू. मग कारकुनाने स्वतःच उपाय काढला. वाळू अडकली की तो नखाने टिचकी मारी. टक्. वाळू सुटे. नियमाप्रमाणे तो गुन्हा होता, पण एकोणीस वर्षांत कुणी हूं की चूं केले नाही. उलट त्याचे नावच पडले, टिचकीकाका.

आणि मग बँक बुडाली.

लहानसहान नव्हे, सर्वांत मोठी. काकांच्या धाकट्या बहिणीची सगळी पुंजी तिच्यात होती. ती शाळेचे गणवेश शिवते. काकांनीच तिला सांगितले होते, "सरकारी तपासनीस दर वर्षी येतो तिथे. बिनघोर ठेव." तपासनीस येत होता, हे खरे. बँक आतून पोकळ आहे असे त्याने तीन वर्षे लिहिलेही होते. पण राज्यघटनेप्रमाणे त्याचा अहवाल बंद लिफाफ्यात फक्त अर्थमंत्र्यांकडे जाई. तिन्ही लिफाफे त्यांच्या खणात सापडले. लाखेचे शिक्के शाबूत.

म्हणून घटनादुरुस्ती आली. दोनच कलमे. एक, अहवाल तीस दिवसांत सभागृहात मोठ्याने वाचायचा. दोन, बुडालेल्या बँकेची मालमत्ता विकली की पहिला हक्क ठेवीदारांचा. बहिणीला काही परत मिळायचे असेल तर ते या दुसऱ्या कलमातूनच मिळणार होते.

चर्चा म्हणजे काय, ते पुस्तकात वाचा. मी ऐकले ते असे.

"चोर!"

"तू चोर, तुझा सासरा चोर!"

"माझ्या सासऱ्याचं नाव काढायचं काम नाही!"

"मी कशाला काढू? बँकेच्या पाटीवरच आहे की!"

अर्थमंत्री शांतपणे म्हणाले, "लिफाफे उघडले असते तर लोक घाबरले असते."

"मग आता काय फुगड्या घालतायत का?" असे विचारणाऱ्या बाई पूर्वी शाळेत शिकवत. सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणत. दुरुस्ती त्यांनीच मांडली होती. दुपारी त्या फाटकापाशी गेल्या, तिथे जमलेल्या ठेवीदारांना धीर द्यायला. ठेवीदारांनी त्यांनाच घेरले. कोण आपला नि कोण परका हे पाहायला रागाला डोळे नसतात. बाई अडकल्या, हे कळताच अर्थमंत्री उठून म्हणाले, "मतदान घ्या. आत्ता."

घटना बदलायला एकशे साठ मते लागतात. आत दुरुस्तीच्या बाजूची एकशे एकोणसाठ होती.

घंटा झाली. काकांनी मला उलटे केले. दोन मिनिटे वाळू सरळ पडली. मग अडकली.

काकांनी बोट उचलले.

आणि तसेच धरले.

"काका, टिचकी!" मागच्या बाकावरचा भोंगा ओरडला. त्याला भोंगा का म्हणतात, ते सांगायला नको.

काकांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"काका, झोपलात काय? मारा की!"

"नियम छत्तीस आहे, साहेब. हात लावू नये."

"मग एकोणीस वर्षं काय तिची खाज काढत होतात?"

अध्यक्षबाईंनी नियमांचे पुस्तक मागवले, चष्मा शोधला, पान शोधले, नियम दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "कारकून बरोबर बोलतायत." तेवढ्यात दार धाडकन भिंतीवर आपटले आणि मास्तरीणबाई आत आल्या. एका पायात चप्पल नव्हती, बाही फाटली होती. त्या हादऱ्याने माझी वाळू आपोआप सुटली आणि उतरून संपली. कड्या लागल्या. एकशे साठ.

संपले? छे.

"याची बहीण ठेवीदार आहे! ती बघा, वर गॅलरीत बसलीय!" भोंग्याने बोट दाखवले. आरोप असा: टिचकी ही काकांची नुसती सवय, काच मुळात अडकतच नाही, त्या दिवशी त्यांनी ती मुद्दाम तिरकी ठेवली. काच चांगली निघाली असती तर मतदान रद्द, दुरुस्ती रद्द, काकांची नोकरी आणि निवृत्तिवेतनही रद्द.

चौकशी समितीने मला एका कोरड्या, थंड खोलीत टेबलावर ठेवले. सात वेळा उलटे केले. मित्रांनो, मी जीव तोडून प्रयत्न केला. अडक, अडक, असे कणाकणाला विनवले. सातही वेळा मी झुळझुळ वाहिले, अगदी घालून दिलेल्या तीन मिनिटांत. काका भिंतीशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मला फुटावेसे वाटले.

"अजून काही म्हणायचंय?" समितीप्रमुखांनी विचारले.

"रिकाम्या खोलीत ती अडकत नाही, साहेब. सभागृह भरलं की अडकते."

"म्हणजे आमच्या तोंडाची वाफ लागते तिला?"

"हो."

समिती खो खो हसली. पण काकांनी मागणी लेखी दिली: परीक्षा भरल्या सभागृहातच घ्या. यावरून दुसऱ्या दिवशी रणकंदन झाले. हा सभागृहाचा अपमान आहे की नाही, यावर सदस्य चार तास ओरडले. खिडक्या बंद. दोनशे चाळीस तोंडे उघडी. भोंगा तर बाकावर चढला. मी टेबलावर होते आणि माझ्या फटीतून त्यांची एकेक शिवी वाफ होऊन आत येत होती.

शेवटी दमून म्हणाले, घ्या परीक्षा.

अध्यक्षबाईंनी स्वतःच्या हाताने मला उलटे केले. एक मिनिट. दीड मिनिट.

अडकले.

कुणी हात लावला नाही. चार मिनिटे झाली. नऊ झाली. अकराव्या मिनिटाला अध्यक्षबाई म्हणाल्या, "मतदान कायम. देखभाल समितीने माझ्या दालनात यावं."

माझे कौतुक? भिंतीवर विजेचे घड्याळ लागले आणि माझी रवानगी अडगळीच्या कपाटात झाली. काकाच मला घेऊन निघाले. जिन्यात बहीण भेटली.

"दादा, खरं सांग. नियमासाठी थांबलास की माझ्यासाठी?"

"सांगितलं ना समितीला."

"समितीला काय सांगितलंस ते नाही विचारत."

काका पायरीवर बसले. मला मांडीवर घेतले.

"बोट उचललं, वर नजर गेली, तू दिसलीस. नियम मागाहून आठवला."

"आणि वर मी नसते तर?"

"मारली असती टिचकी. रोजच्यासारखी."

बहीण आभार मानेल असे मला वाटले होते. तिने मानले नाहीत. "हे पुन्हा कुणापाशी बोलू नकोस," एवढेच म्हणून ती कठड्याला धरून जिना उतरू लागली.

ती बोलणार नाही आणि काकाही बोलणार नाहीत, म्हणून मी बोलले.

मित्रांनो, मला तुमची माया नको. मेण तडकले तर त्याच आठवड्यात बदला. लिफाफा आला तर त्याच दिवशी फोडा. नाहीतर एक दिवस तुमचे सगळे भवितव्य एका म्हाताऱ्याच्या उचललेल्या बोटावर येऊन थांबेल, आणि त्या दिवशी गॅलरीत त्याचे कोण बसले आहे, हे तुम्हाला ठाऊक नसेल.