लाल तारेची सळई

पाणी काळं व्हायला लागलं की हॉलमध्ये आधी शांतता पसरायची आणि मग एकदम "अगं बाई!" व्हायचं. लाकडाच्या वखारीमागचा लांबट हॉल, त्यात प्लॅस्टिकचे आठ टब, आठ खुर्च्या आणि भिंतीला टेकून उभे असलेले पन्नास-साठ लोक. प्रत्येक टबात दोन पाय, पायांच्या मध्ये दोन सळया, एकीला लाल तार, दुसरीला काळी. खटका दाबला की बुडबुडे यायचे, मग पाणी पिवळं, मग तांबूस, मग थेट गटारासारखं. जो तो मान लांब करून शेजारच्याच्या टबात डोकावायचा.

"बघा, बघा, लाजू नका!" निर्मळताई टबांमधून फिरत बोलायची. अंगात पांढरा कोट, गळ्यात कुणाची छाती कधीच न तपासलेला स्टेथोस्कोप आणि आवाज असा गोड की ऐकूनच साखर वाढावी. "हे तुमच्याच अंगातलं आहे. वीस वर्षं साठवलंत, मी वीस मिनिटांत काढतेय. तुम्ही सुतार ना, काका? मग हा बघा भुशाचा रंग! आणि वहिनी, तुमचा हा फेस म्हणजे नसांमधला ताण. शरीर खोटं बोलत नाही हो."

शरीर खोटं बोलत नाही, हे शंभर टक्के खरं. ताईबद्दल तसं सांगता येत नव्हतं.

भिंतीवर रंगांचा तक्ता होता. तपकिरी म्हणजे यकृत, हिरवट म्हणजे पित्त, काळं म्हणजे रक्त. पहिल्याच दिवशी 'तुम्हाला काही झालेलं नाही, घरी जा' असं सांगणारा रकाना मात्र त्यात नव्हता. सात बैठका घ्यायच्या, दर बैठकीला पाणी उजळत जायचं आणि सातव्या बैठकीला ते स्वच्छ झालं की माणूस निर्मळ. पाण्यात आधी एक पांढरं चूर्ण पडायचं. ते किती टाकायचं हे ताईलाच कळे, कारण ते रोग्याची प्रकृती पाहून टाकायचं असे.

तिसऱ्या खुर्चीत कारागिराची बायको बसली होती आणि खुर्चीमागे कारागीर उभा होता. त्याला गल्लीत सगळे कारागीरच म्हणत. नळांना, कड्यांना, दारांच्या मुठींना निकेलचा मुलामा देणं हे त्याचं काम. बावीस वर्षं तो टाक्यांच्या कडेला उभा होता. बायको घरी बसून शर्टांना बटणं लावायची. तिला साखरेचा आजार होऊन सहा वर्षं झाली होती.

या आजाराच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, असं दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं. भिंतीवरचं वाचायला सवड भरपूर मिळायची, कारण रांग पहाटेपासून लागायची. चार तास उभं राहून खिडकीशी पोचलं की आतला माणूस मान वर न करता म्हणायचा, "संपल्यात. पुढच्या आठवड्यात या." बाहेरच्या दुकानातून घ्यायच्या तर घराचं भाडं की गोळ्या, असा प्रश्न यायचा. खासगी डॉक्टरच्या दारात तर नुसतं पाऊल टाकायचेही पैसे पडत. मग कधी अर्धी गोळी, कधी एक दिवसाआड, असं त्यांचं चाललं होतं.

निर्मळताई स्वस्त होती. आणि नुसती स्वस्त नव्हती. हॉल कामावरून सुटल्यावर संध्याकाळी उघडा असायचा, म्हणजे रोजगार बुडत नव्हता. तिथं बसायला खुर्ची होती. कुणीतरी नावगाव विचारत होतं, "झोप लागते का हो?" म्हणून चौकशी करत होतं. कारागिराची बायको पहिल्या दिवशी घरी येताना म्हणाली होती, "सहा वर्षांत मला असं कुणी विचारलंच नव्हतं." या गोष्टीला हसू नये. माणूस मूर्ख असतो म्हणून फसतो असं नाही, दमलेला असतो म्हणूनही फसतो.

कारागीर फसला तो मात्र स्वतःच्या कामामुळे. पहिल्या बैठकीत ताईनं तक्त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "घरात धातूचं काम करतं का कुणी?"

"मी. मुलामा देतो."

"तरीच! कपड्यांतून, हातांतून तुम्ही रोज लोखंड घरी नेता, दादा. ते यांच्या रक्तात उतरलंय. हा तांबूस गाळ बघा. ओळखीचा वाटत नाही?"

वाटत होता. अगदी ओळखीचा वाटत होता. कारखान्यात गंज उतरवायच्या टाकीच्या तळाशी साचणारा गाळ तो बावीस वर्षं खरवडत होता. तोच गाळ बायकोच्या पायांतून निघताना दिसत होता. आपणच हिला आजारी पाडलं, या विचारानं त्याला रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या कुणाला नसेल, पण मुलामेवाल्याला हा रंग पटला. त्याचं ज्ञानच त्याला भोवलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथं कळसा हातात धरून तो विहिरीत उतरला होता.

चौथ्या बैठकीला ताई म्हणाली, "आता गोळ्या थांबवा. त्यांचंच विष तर मी उपसतेय. एकीकडे उपसायचं आणि दुसरीकडे भरायचं, असं कसं चालेल?" गोळ्या थांबल्या. घरात जरा हात सैल झाला आणि पाणीही खरंच उजळत चाललं. बायको शेजारणींना सांगायची, "पाचवीला नुसतं चहासारखं होतं!"

सहाव्या बैठकीला पाणी जरा जास्तच गरम होतं. ताईनं विचारलं, "चटका बसतोय का?" बायको म्हणाली, "नाही, काहीच वाटत नाही." तिला वर्षभरापासून तळपायांना काहीच वाटत नव्हतं, या आजारात असं होतं. हे डॉक्टरला कळलं असतं. ताईला वाटलं, बाई सोशीक आहे. दुसऱ्या दिवशी उजव्या टाचेला फोड आला. तो फुटला, आणि ताई टाळी वाजवून म्हणाली, "विषाला वाट मिळाली! बांधू नका, वाहू द्या." त्याच पायानं ती सातव्या बैठकीला टबात बसली. पाणी जवळजवळ स्वच्छ होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायको रडली, कारागीरही रडला.

त्यानंतर तीन दिवसांनी निर्मळताई कारखान्यात आली. अंगात कोट नव्हता, हातात पिशवी होती. मालकानं तिला कारागिराकडे पाठवलं.

"अरे दादा, तुम्ही इथं!" ती खुलली. "बरं झालं. या सळया बघा हो. कंपनीकडून मागवल्या तर फार महाग पडतात. अशाच सोळा-वीस करून द्याल?"

तिनं वापरलेल्या सळयांची जोडी बाकावर ठेवली. एक धडधाकट होती. दुसरी उंदरानं कुरतडल्यासारखी, टोकाला सुईएवढी बारीक झालेली.

"ही कशानं गेली?"

"विषानं, दुसऱ्या कशानं? माणसाच्या अंगात इतकं विष असतं दादा, की लोखंड खाऊन टाकतं!"

"ही कुठल्या तारेची?"

"लाल तारेची. नेहमी तीच जाते. तुम्ही असं करा ना, लाल तारेच्या जास्त करा आणि काळ्याच्या कमी."

कारागिरानं कुरतडलेली सळई उजेडात धरली. मुलामा देताना टाकीत एका बाजूला धातूचा पत्रा लटकवतात, दुसऱ्या बाजूला नळ. वीज सोडली की पत्रा झिजतो आणि त्याचा धातू पाण्यात उतरतो. नेहमी एकाच तारेकडचा झिजतो, दुसरीकडचा कधीच नाही. विष लोखंड खात असतं तर त्यानं दोन्ही सळया खाल्ल्या असत्या. विषाला लाल आणि काळी तार कुठली कळायला?

ताई गेल्यावर त्यानं बादली घेतली, पाणी भरलं, मूठभर मीठ टाकलं, त्याच दोन सळया सोडल्या आणि तारा जोडल्या. बादलीत कुणाचा पाय नव्हता. तो घड्याळाकडे बघत उभा राहिला. आधी बुडबुडे आले, मग पिवळा रंग, मग तांबूस, मग फेस. पंधरा मिनिटांत बादली गटारासारखी झाली. दुसऱ्या बादलीत त्यानं चिमूटभरच मीठ टाकलं. ती चहासारखी झाली. तिसऱ्या बादलीत जवळजवळ काहीच टाकलं नाही. ती सातव्या बैठकीसारखी स्वच्छ राहिली.

त्याला ते चूर्ण आठवलं. पहिल्या दिवशी ताईनं चमचा शीग लावून भरला होता. शेवटच्या दिवशी चमच्याचं टोक नुसतं बुडवलं होतं. त्यानं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. अंगातून काही निघत नव्हतं. सळई झिजत होती आणि त्याची बायको तिच्या गंजात पाय घालून बसली होती.

तो तसाच घरी धावला. बायको बटणं लावत होती. खोलीत वास येत होता, तो तिला सकाळपासून आला नव्हता की तिनं सांगितला नव्हता, कोण जाणे. टाच काळी पडली होती.

"अहो, दुखत नाही मला," ती म्हणाली. "कशाला घाबरताय?"

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यानं घाईत गुंडाळलेलं फडकं सोडलं, टाच पाहिली आणि पट्टी बांधली. "गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

"तीन आठवडे."

"आणि फोड कधीचा?"

"आठ-नऊ दिवस झाले."

"फोड आला त्याच दिवशी यायचं होतं."

"आलो असतो तर गोळ्या होत्या का?"

डॉक्टरीणबाईंनी कागदावरून मान वर केली. त्या तरुण होत्या आणि बाहेर शंभर माणसं बसली होती. "गोळ्या नव्हत्या," त्या म्हणाल्या. "पण पाय वाचला असता."

पाय घोट्याच्या वरून काढावा लागला.

कारागिरानं त्यानंतर हॉलमध्ये बादली नेली. मारामारी केली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. आठही खुर्च्या भरलेल्या असताना त्यानं मधोमध बादली ठेवली, घरून आणलेलं मीठ दाखवून पाण्यात टाकलं, सळया सोडल्या, तारा जोडल्या आणि म्हणाला, "यात कुणाचे पाय आहेत?"

कुणाचेच नव्हते. पाणी तांबूस झालं, मग काळं. "अगं बाई!" या वेळी कुणी म्हणालं नाही.

"यांच्या मनात विष आहे, तेच बादलीत उतरलं!" ताई ओरडली. चोर तो चोर, वर शिरजोर.

"मग ताई, तुम्हीच हात लावा माझ्या तारांना. तुमच्या मनातलं तरी स्वच्छ उतरेल." दोघं-तिघं हसले. तोवर सुतारानं मधला टब घेतला, त्यातले पाय बाहेर काढायला लावले, पाणी बदललं, ताईचंच चूर्ण टाकलं आणि खटका दाबला. रिकामा टब काळा झाला. सुतारानं चूर्ण जिभेला लावलं. "मीठ आहे," तो म्हणाला. "स्वयंपाकाचं."

गडबड झाली. कुणी पैसे परत मागितले, कुणी नुसतंच आपल्या पायांकडे बघत बसलं. आणि मागून सुताराची म्हातारी आई म्हणाली, "बरं, हे खोटं. मग आता जायचं कुठं?"

कारागीर म्हणाला, "दवाखान्यात." दुसरं काही सुचलं नाही म्हणून म्हणाला.

पुढच्या आठवड्यात तीस-बत्तीस जण खरंच त्याच्याबरोबर रांगेत आले. त्याची बायको कुबडी घेऊन बाकावर बसली होती. सूर्य डोक्यावर आला तेव्हा बारा जणांचे नंबर झाले होते. मग खिडकीतला माणूस म्हणाला, "संपल्यात." आणि त्यानं फळी खाली ओढली.

म्हातारी रांगेतून बाहेर पडली. "तिकडं निदान पाणी तरी काळं व्हायचं," ती म्हणाली. "पुलापलीकडं तिनं नवा हॉल घेतलाय म्हणे."

"मावशी, ते खोटं आहे. डोळ्यांनी बघितलंत ना तुम्ही?"

"बघितलं की. आणि इथलंही बघतेय."

"इथं गोळ्या नाहीत हे खरं आहे. पण खऱ्यासाठी भांडता येतं. आज तीस आहोत, उद्या तीनशे येऊ."

"भांडायला अंगात जोर लागतो, बाळा," म्हातारी म्हणाली आणि चालू लागली. तिच्यामागून आणखी चार-पाच जण निघाले. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही.

"जा, मावशी!" तो मागून म्हणाला. "पण पाय सोडण्याआधी एवढं करा. तिला म्हणा, आधी माझ्याशिवाय चालवून दाखव. नुसतं पाणी, नुसती सळई. आणि मग ठरवा."

म्हातारी वळली नाही.

"ऐकलं का तिनं?" बायकोनं बाकावरून विचारलं.

"नाही."

"मग मोठ्यानं म्हणा."

तो मोठ्यानं म्हणाला, सगळ्या आवारात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. रांगेतल्या दोघांनी वळून बघितलं. बाकीचे बंद फळीकडे बघत उभे होते.